माऊला हे आठवणार नाही

(मंडळाच्या कौटुंबिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात दरवर्षी कुणीतरी मोठी व्यक्ती बोलते. डॉक्टर बोलतात, प्राध्यापक बोलतात. यंदा सचिवांनी आम्हाला गाठलं आणि म्हणाले, "उन्हाळ्यात मुलीला घेऊन फिरून आलात ना? त्याच्यावरच बोला. लहान मुलं असलेली बरीच घरं आहेत आपल्यात." आम्ही सांगून पाहिलं की आम्ही पडलो उपयंत्री, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, माप पुस्तिका भरता येते, भाषण करता येत नाही. त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आणखी एक. आम्हाला 'मी, मी' करून बोलायची सवय नाही. घरात चार माणसं आहेत. जे झालं ते सगळ्यांचं झालं, म्हणून 'आम्ही' म्हणतो. चार माणसं म्हणजे आमचे वडील अण्णा, वय 79, आमच्या सौ., शाळेत शिकवतात, आम्ही, आणि आमची मुलगी. घरी तिला सगळे माऊ म्हणतात. लग्नानंतर अकरा वर्षांनी माऊ झाली. आता लवकरच तीन वर्षांची होईल. पाचवं माणूस होतं आमची आई. गेल्या वर्षी होळीनंतर चार दिवसांनी ती गेली.

आपल्यापैकी पुष्कळजण आईला ओळखत होते. हळदीकुंकवाच्या वेळी मंडळाच्या स्वयंपाकघरात कोशिंबिरीचं पातेलं तिच्याकडेच असायचं. माऊच्या जन्मापासून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा माऊ तिच्याजवळ असे. आंघोळ, मऊ भात, झोप, सगळं आजीच करायची. आई गेली तेव्हा माऊ एकोणीस महिन्यांची होती.

मग आमच्यावर काय वेळ आली, ते तुमच्यातल्या नोकरदार जोडप्यांना सांगायला नको. गल्लीतल्या एक ताई दिवसभर माऊला सांभाळू लागल्या. फार प्रेमळ बाई आहेत, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पण त्यांची बोली हिंदी. दोन-तीन महिन्यांत माऊचं 'पाणी' 'पानी' झालं, 'नको'च्या जागी 'नहीं' आलं. यात दोष कुणाचाच नाही. इंदूरला आपल्या चार-पाच पिढ्या झाल्या, आपण भाजीवाल्याशी हिंदीत बोलतो आणि देवाशी मराठीत. पण लहान मूल जी भाषा दिवसभर ऐकतं तीच बोलतं. आमच्या घरातली दिवसभराची मराठी आईबरोबर गेली, हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

आता उन्हाळ्याकडे येतो. गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे आई गेल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, घरात सगळ्यांचीच मनं उदास होती. आम्ही ठरवलं, माऊला कुठेतरी न्यायचं. रविवारी नवलख्याच्या प्राणी संग्रहालयात गेलो. निघता निघता अकरा वाजले, पोहोचून तिकीट काढेपर्यंत साडेअकरा. महिना मेचा. आम्ही तिला वाघ दाखवतो आहोत आणि ती खाली बघते आहे. झाडाखाली एक खार होती. वाघ, हत्ती, मगर काही नाही, फक्त खार! आम्ही तिला उचलून पुढे नेत होतो आणि ती रडून मागे वळत होती. पैसे देऊन आलोय तर सगळं बघून जाऊ, हा आमचा हिशेब. संध्याकाळी माऊला ताप भरला, उलट्या झाल्या. रात्री डॉक्टरांकडे पळालो. ऊन लागलं होतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं नाही, दर पाच मिनिटांनी चमच्याने जीवनरक्षक घोल पाजायला सांगितलं आणि आम्हाला चांगलं झापलं. "वाघ तुम्हाला बघायचा होता की हिला?" असं त्यांनी विचारलं. आमच्याकडे उत्तर नव्हतं. एका खारीपाशी अर्धा तास बसून घरी आलो असतो तरी त्या दिवसाची सहल पूर्ण झाली असती.

तिथून आम्ही काही गोष्टी शिकलो, त्या तरुण आईबापांसाठी थोडक्यात सांगतो. मेमध्ये लहान मुलाला घेऊन निघायचं तर पहाटे निघा आणि अकराच्या आत सावलीत पोहोचा. दुपारी चारपर्यंत बाहेर पडू नका. एका दिवसात एकच ठिकाण करा. मूल पाणी मागेल याची वाट बघू नका, अर्ध्या-पाऊण तासाने थोडं थोडं पाजा. पाणी, ताक, कैरीचं पन्हं, जे पोटाला मानवेल ते. दुपारभर शू झाली नाही किंवा खूप पिवळी झाली तर समजा, पाणी कमी पडतं आहे. सुती झबलं, टोपी आणि एक जादा पंचा बरोबर असू द्या. पंचा ओला करून मानेवर ठेवता येतो. आणि उभ्या केलेल्या मोटारीत मुलाला एक मिनिटसुद्धा एकटं ठेवू नका. आई आमच्या खिशात कांदा ठेवायची, लू लागू नये म्हणून. कांद्याने काय होतं ते आम्हाला ठाऊक नाही, पण कांदा खिशात आहे म्हटल्यावर मूल सावलीतून चालायचं, हे खरं.

यंदा जानेवारीत एक गोष्ट घडली. समोरच्या खोलीत आईचा फोटो आहे, हार घातलेला. माऊ त्याच्याखाली खेळत होती. तिने वर बघितलं आणि विचारलं, "ये कौन है?"

मंडळी, आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. जिच्या मांडीवर ही एकोणीस महिने वाढली, तिच्याबद्दल विचारते, ये कौन है. सौ. म्हणाल्या, "आजी आहे ती. तुझी आजी." माऊने मान हलवली आणि पुन्हा खेळायला लागली. अण्णा तिथेच खुर्चीत बसले होते. ते उठून आत गेले. आई गेल्यापासून अण्णा तिच्याबद्दल बोलत नव्हते. एक शब्द नाही. आम्हीही त्यांच्यासमोर विषय काढत नव्हतो, उगीच वाईट वाटेल म्हणून. म्हणजे घरात आईचं नावच निघत नव्हतं. मग माऊला ती कळणार कुठून?

माऊला तपासायला नेलं तेव्हा आम्ही डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, यात काळजीचं कारण नाही, सगळ्यांचंच असं असतं. मोठेपणी माणसाला आपली पहिली आठवण येते ती साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली. त्याआधीचं सहसा राहत नाही. मेंदूचा जो भाग प्रसंग जपून ठेवतो तो तेव्हा पुरता तयार झालेला नसतो, आणि प्रसंग सांगायला लागते ती भाषाही तयार नसते. याचा अर्थ मूल काही शिकत नाही असा नव्हे. माणूस, आवाज, स्पर्श, सवय हे सगळं ते घेत असतं. फक्त प्रसंग म्हणून पुढे त्याला आठवत नाही.

नंतर आम्ही या विषयावर थोडं वाचलं. त्यात एक गोष्ट फार आवडली. न्यूझीलंडमध्ये संशोधकांनी वेगवेगळ्या समाजांतल्या मोठ्या माणसांना त्यांची पहिली आठवण विचारली. तिथल्या मूळच्या माओरी लोकांची पहिली आठवण इतरांपेक्षा लवकरची निघाली, सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासची. कारण असं सांगतात की माओरी घरांत मागच्या गोष्टी, पूर्वजांच्या गोष्टी, मुलांना सतत सांगण्याची रीत आहे. मुलाशी 'परवा आपण काय केलं, मग काय झालं' असं जितकं बोलाल, तितकं त्याला पुढे आठवतं. हे वाचलं तेव्हा माऊ अडीच वर्षांची होती. आम्ही म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही.

म्हणून यंदा आम्ही आधीच अर्ज टाकला. आम्ही ज्या खात्यात आहोत तिथलं काम पाण्याचं. उन्हाळ्यात हातपंप आटतात, गावोगावची मागणी येते, तेव्हा मेमध्ये रजा म्हणजे चमत्कारच. तीन दिवस मिळाले. बडवाहला आमची आत्या राहते, अण्णांची धाकटी बहीण. तिच्याकडे दोन मुक्काम, तिथून महेश्वर आणि मग परत, असं ठरलं. अण्णा यायला तयार नव्हते. सौ. म्हणाल्या, "अण्णा, माऊला सांभाळायला गाडीत एक माणूस लागेल." हे बरोबर लागू पडलं. सांत्वनासाठी अण्णा आले नसते, पण कामासाठी आले.

पहाटे पाचला निघालो. सिमरोल, भेरूघाट, चोरल. तुम्हा सर्वांचा रस्ता पाठ आहे. आमच्या पिढीला मात्र बडवाह म्हटलं की हा रस्ता नाही आठवत, छोटी लाइन आठवते. आईचं माहेर भुसावळ. दर मेमध्ये महू, पातालपानी, कालाकुंड, चोरल, बडवाह, सनावद करत छोट्या गाडीने खंडव्याला जायचं आणि तिथून मोठ्या गाडीने भुसावळ. एक ट्रंक, एक होल्डॉल, सुरईत पाणी, दशम्या आणि कोरडी चटणी. पातालपानीनंतर घाट. उन्हाळ्यात धबधबा कोरडा ठणठणीत, तरी सगळे खिडकीशी गर्दी करायचे. कालाकुंडला गाडी थांबली की पळसाच्या पानात कलाकंद. आई एकच पुडा घ्यायची आणि तिघा भावंडांत वाटायची, आणि पान चाटायला कुणाला मिळणार यावरून भांडण. बडवाह सुटलं की सगळे हात जोडून तयार. गाडी नर्मदेच्या पुलावर आली की 'नर्मदे हर' आणि खिडकीतून नाणी.

तो मार्ग आता मोठ्या लाइनसाठी बंद आहे. पातालपानी ते कालाकुंड एवढ्या घाटात डिसेंबर 2018 पासून हेरिटेज गाडी सुरू झाली, ती पावसाळ्यातली मौज म्हणून चांगलीच आहे. पण दशम्या बांधून, ट्रंक घेऊन, मामाच्या गावाला जाणारी ती छोटी लाइन आम्ही माऊला दाखवू शकत नाही. ती सांगावीच लागणार.

आमची स्वतःची सगळ्यात जुनी आठवण त्याच पुलावरची आहे, निदान यंदाच्या मेपर्यंत होती. आम्ही आजोबांच्या कडेवर, खिडकीचे आडवे गज, खाली लांब चमकणारं पाणी. आजोबा आमच्या मुठीत पाच पैशांचं नाणं देतात, मूठ खिडकीबाहेर धरतात, आम्ही मूठ उघडतो आणि नाणं गजाला लागून 'टण्ण' असा आवाज होतो. तो 'टण्ण' आमच्या कानात आहे. आजोबा 1983 मध्ये गेले. त्यांची दुसरी कुठलीच आठवण आम्हाला नाही, ही एकच. म्हणून ती फार जपलेली.

पहिल्या दिवशी आत्याकडे पोहोचून आराम केला. निमाडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. आत्याच्या अंगणात लिंबाचं झाड आहे. माऊने तिथे मातीत भांडी मांडली आणि बाहेर जायचं नावच काढलं नाही. आम्हीही काढलं नाही. शहाणे झालो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे नावघाट खेडीला गेलो. पाणी शांत होतं, आंघोळीला चार माणसं. माऊने नर्मदा पहिल्यांदाच बघितली. बराच वेळ गप्प राहिली आणि मग ओरडली, "केवढा मोठा नळ!"

आम्ही हसलो, पण पोरीचं चुकलं नव्हतं. आपण इंदूरकर जे पाणी पितो ते नर्मदेचंच. मंडलेश्वरजवळ जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर नळातून, घाट चढवून, ते आपल्याकडे येतं. 1978 मध्ये ते इंदुरात पहिल्यांदा आलं. आमचा व्यवसायच पाण्याचा, त्यामुळे आम्ही माऊला सांगायला बसलो की ही नदी आपल्या मोरीत येते. तिला ते लगेच पटलं. मोठ्यांना पटवायला जास्त वेळ लागतो.

घाटावरून पूल दिसतो. आम्ही माऊला कडेवर घेतलं आणि तिकडे बोट दाखवून म्हटलं, "त्या पुलावरून गाडी जायची. बाबा लहान होता ना, तुझ्यापेक्षा लहान, तेव्हा पणजोबांनी त्याला असंच उचललं, आणि बाबानं नदीत नाणं टाकलं. टण्ण!"

मागे पायरीवर अण्णा बसले होते. ते म्हणाले, "तू टाकलं नव्हतंस."

आम्ही वळून बघितलं. अण्णा पाण्याकडे बघत होते.

"तू झोपला होतास," ते म्हणाले. "ब्याऐंशीचा मे. तू एकोणीस महिन्यांचा. बडवाहपासून जो झोपलास तो खंडवा येईपर्यंत. नाणं बाबांनीच टाकलं, तुझ्या नावानं. उठल्यावर तुला ते कळलं आणि तू असं काही रडलास की डबा गोळा झाला. तेव्हा तुझी आई म्हणाली, 'अरे, तूच टाकलंस की, विसरलास का? टण्ण वाजलं बघ.' मग तू गप्प झालास. पुढे दर वर्षी पूल आला की ती तुला तेच सांगायची. बाबा गेल्यावर तर मुद्दाम सांगायची. मला म्हणायची, 'याला आजोबांचं एवढं एक तरी राहू दे.'"

मंडळी, चौदा महिन्यांत अण्णा पहिल्यांदा आईबद्दल बोलले.

आम्हाला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. चाळीस वर्षं जी आठवण आपली म्हणून जपली ती आपली नव्हतीच. आजोबांचा हात, नाण्याचा आवाज, सगळं आईने दिलेलं. आधी थोडं फसल्यासारखं झालं. मग कळलं, त्या आठवणीत आजोबा जेवढे खरे आहेत तेवढीच आईसुद्धा आहे. आजोबांची म्हणून जपलेली आठवण आईचीही निघाली.

सौ.नी पर्समधून एक रुपयाचं नाणं काढून माऊच्या हातात दिलं. आता तरी कुणीतरी खरंच टाकू दे, असा त्यांचा विचार. आमच्या खात्याच्या दृष्टीने नदीत काहीच टाकू नये, पण त्या वेळी आम्ही गप्प बसलो. माऊने नाणं बघितलं, नदी बघितली, नाणं फ्रॉकच्या खिशात घातलं आणि म्हणाली, "माझं." अण्णा मोठ्याने हसले. नर्मदामाईनेही माफ केलं असेल.

त्याच संध्याकाळी आत्याच्या अंगणात दुसरी गोष्ट झाली. माऊ बाहुलीचे केस विंचरत होती. बाहुलीला केस थोडेच, तरी ती एका हाताने तिची हनुवटी वर धरायची, दुसऱ्या हाताने कंगवा फिरवायची, आणि प्रत्येक वेळी बाहुलीच्या पाठीवर दोनदा थोपटून म्हणायची, "झालं हं, झालं हं." आम्ही हे घरी रोज बघत होतो आणि कधी लक्ष दिलं नव्हतं. आत्या निवडायला घेतलेली मेथी तशीच टाकून उठली.

"हे हिला कुणी शिकवलं?"

आम्ही म्हटलं, कुणीच नाही, ती तसंच करते.

"अरे, ही तर वहिनी!" आत्या म्हणाली. "वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. रोज सकाळी माझ्या दोन वेण्या वहिनी घालायची. अश्शीच हनुवटी धरायची. अशीच दोनदा थोपटायची. झालं हं, झालं हं."

माऊच्या जावळानंतर केस वाढू लागले तसे आई रोज तिचे केस विंचरायची. आम्ही ऑफिसात, सौ. शाळेत, आम्ही ते कधी पाहिलंच नव्हतं. फोटो बघून 'ये कौन है' विचारणाऱ्या माऊच्या हातात आजी होती. आणि दिवसभर हिंदी बोलणारी माऊ बाहुलीशी मात्र आजीच्या मराठीत बोलत होती. डॉक्टर जे म्हणाले होते की सवय राहते, प्रसंग राहत नाही, ते आमच्या डोळ्यांसमोर होतं.

तिसऱ्या दिवशी मंडलेश्वरवरून महेश्वरला गेलो. घाटावर सकाळची एक फेरी नावेतून केली. अहिल्यादेवींच्या वाड्यात माऊने सगळ्यात जास्त वेळ एका मांजराबरोबर घालवला. आम्ही घाई केली नाही. धामनोद, मानपूर करून दुपारच्या आत महूला जेवायला पोहोचलो आणि ऊन उतरल्यावर घरी आलो.

आता त्यानंतर आम्ही काय केलं ते सांगतो, आणि आजच्या बोलण्यातलं खरं सांगायचं एवढंच आहे. आम्ही एक वही केली. दुकानातून विकत आणली, सरकारी स्टेशनरी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. माप पुस्तिकेत जशी नोंद करतो तशीच नोंद: तारीख, जागा, कोण कोण हजर होतं, काय झालं. पहिली नोंद अशी आहे: 'नावघाट खेडी, पहाट. हजर: अण्णा, आई, बाबा, माऊ. माऊने नर्मदेला मोठा नळ म्हटलं. नाणं दिलं होतं, टाकलं नाही. नाणं वहीच्या मागच्या पानाला चिकटवलं आहे.' पुढे कुणी कौतुकाने सांगितलंच की तू नाणं टाकलं होतंस, तर पुरावा असावा! आमच्या आईने आमच्यासाठी जे केलं ते मायेनं केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण लिहिणारा माणूस घरात असताना खरं लिहून ठेवलेलं बरं.

दुसरी नोंद अण्णांनी सांगितली आणि आम्ही लिहिली: आजी केस कशी विंचरायची. तिसरी, आजी मेतकूट-भात भरवताना घास कसा चिमणी-कावळ्याचा करायची. आता रोज रात्री जेवण झालं की अण्णा माऊला जवळ घेतात आणि एक गोष्ट सांगतात. राजाराणीची नाही, घरचीच. आजी पहिल्यांदा इंदूरला आली तेव्हा सराफ्यात जाऊन गराडू बघून काय म्हणाली. छोट्या गाडीत ट्रंक कुणाच्या पायावर पडली. कलाकंदाचं पान कोण चाटायचं. मराठीत सांगतात. माऊ मध्ये मध्ये विचारते, "मग?" हा 'मग' तिने नव्याने शिकलेला शब्द आहे. दिवसा ताईंकडे 'फिर' म्हणते, रात्री अण्णांकडे 'मग' म्हणते. दोन्ही चालतील. मुलांच्या डोक्यात जागा भरपूर असते.

परवा ताईंची मुलगी घरी आली होती. माऊने तिचा हात धरून तिला फोटोखाली नेलं आणि सांगितलं, "ही माझी आज्जी. केस विंचरते."

'विंचरते' म्हणाली, 'विंचरायची' नव्हे. व्याकरण आम्ही दुरुस्त केलं नाही.

मंडळी, इथे आजी-आजोबा पुष्कळ बसले आहेत, म्हणून हात जोडून सांगतो. नातवंडांना खाऊ, कपडे, खेळणी देता, ते द्याच. पण त्यांना तुमच्याबरोबरचा आजचा दिवस पुढे आठवणार नाही. तो कुणीतरी सांगितला तरच राहील. तेव्हा जिथे जाल तिथे, काय काय झालं ते रात्री त्यांच्याशी बोला, आपल्या भाषेत बोला. आणि घरातलं कुणी गेलं असेल तर त्याचं नाव घेणं थांबवू नका. आम्ही दुःख नको म्हणून दहा महिने नाव घेतलं नाही, आणि तेवढ्यात माऊ आजीला विसरली होती. अण्णा आता बोलतात. कधी बोलता बोलता त्यांचा आवाज जड होतो. माऊ त्यांच्या पाठीवर दोनदा थोपटते आणि म्हणते, "झालं हं, झालं हं."

मोठ्या सहली करायला पैसा, रजा आणि प्रकृती लागते, सगळ्यांना जमेलच असं नाही. त्यामुळे सहल लहान असू द्या. बिलावलीच्या पाळीवर अर्धा तास बसा, नेहरू पार्कात एक संध्याकाळ घालवा. खार दिसली तर खारीपाशी बसा. घरी येऊन दोन ओळी लिहून ठेवा. शब्द मोठे नकोत, आमच्यासारखी नोंद केली तरी चालेल: तारीख, जागा, कोण हजर होतं.

आजचीही नोंद आम्ही आत्ता घरी जाऊन करणार आहोत: 'मंडळाचा मेळावा. हजर: सगळे. बाबा भाषण करत होता तेव्हा माऊ सतरंजीवर झोपली होती.' बघा, झोपलीच आहे.